चूळ भरली की बूट

साताऱ्यात जानेवारीत पहाटे पाचला खिडकी उघडली तर बाहेर पहाट नसतेच, चक्क रात्र असते. अजिंक्यतारा गडावरच्या टॉवरचा दिवा तेवढा दिसतो आणि थंडी नाकातून आत शिरते. मोबाइलवर मात्र कुणी ना कुणी ठणकावून सांगत असतं, ‘पाचला उठा, आयुष्य बदलेल.’ मी तीन हिवाळे हा उद्योग करून पाहिला. आयुष्य होतं तसंच राहिलं. बदललं ते इतकंच, की दुपारी दोनला ऑफिसात डुलक्या यायला लागल्या.

चूक माझी होती, पण थोडी घड्याळाचीही होती. आपली प्रमाणवेळ ठरते 82.5 अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या जवळ. सातारा साधारण 74 अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, म्हणजे साडेआठ अंशांची 34 मिनिटं झाली. आपल्या मनगटावर पाच वाजलेले असतात तेव्हा साताऱ्याच्या आभाळात खरे चार वाजून सव्वीस मिनिटं झालेली असतात. सांगलीकरांना दोन मिनिटांची सूट. कोलकात्याचा सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर पुढे धावतो, त्यामुळे तिथला ‘पाचला उठणारा’ आणि इथला ‘पाचला उठणारा’ हे एकच काम करत नसतात. जानेवारीच्या मध्याला साताऱ्यात सूर्य उगवतो सात वाजून पाच-सात मिनिटांनी, आणि जूनच्या सुरुवातीला सहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना. म्हणजे घड्याळातले पाच इथे बारा महिने अंधारातच वाजतात.

आपल्या आज्या-पणज्या हे जाणून होत्या. ब्राह्ममुहूर्त घड्याळाला बांधलेला नाहीच, तो सूर्योदयाला बांधलेला आहे. एक मुहूर्त 48 मिनिटांचा, आणि सूर्योदयाआधीच्या दोन मुहूर्तांपैकी पहिला तो ब्राह्ममुहूर्त. हिशेब केला तर जूनमध्ये साताऱ्यात तो साडेचारच्या आतच सुरू होतो, आणि जानेवारीत चांगला साडेपाच ते सव्वासहा. थंडीत सहाला उठणाऱ्याने ओशाळायचं काही कारण नाही.

सूर्याला एवढा मान कशासाठी, याचं उत्तर डोक्यात आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर तांदळाच्या दाण्याहूनही लहान असे दोन पुंजके आहेत. दोन्ही मिळून सुमारे 20,000 पेशी. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. झोप, शरीराचं तापमान, भूक, संप्रेरकं या सगळ्यांची वेळ इथून ठरते. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, हे फळमाशीवर उलगडून दाखवणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. टाकी भरली की तो वर येतो आणि पाणी बंद करतो, पाणी वापरलं गेलं की खाली जातो आणि पुन्हा चालू. पेशीतही तसंच. एक जनुक प्रथिन बनवत राहतं, प्रथिन साठलं की ते स्वतःच्याच जनुकाला थांबवतं, मग हळूहळू विरतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. एका फेरीला लागतो साधारण एक दिवस.

‘साधारण’ म्हणायचं कारण असं, की ते अगदी 24 तासांचं नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी 1999 मध्ये माणसांना बाहेरच्या वेळेचा पत्ता लागू न देता मोजलं, तर माणसाचं घड्याळ सरासरी 24 तास 11 मिनिटांचं निघालं. म्हणजे कुणी नीट केलं नाही तर ते रोज थोडं मागे पडणार. जुन्या चावीच्या घड्याळासारखा त्याला रोज काटा सरकवावा लागतो, आणि तो सरकवतो सकाळचा उजेड. डोळ्याच्या पडद्यात या एवढ्याच कामासाठी वेगळ्या पेशी आहेत, त्यांचा शोध लागला 2002 च्या सुमारास. त्यांना चित्र दिसत नाही, फक्त उजेड किती हे कळतं, आणि निळसर उजेड सगळ्यात जास्त कळतो.

आता घरातला ट्यूबलाइट आपल्याला लख्ख वाटतो, पण मोजला तर शे-दोनशे, फार तर तीनशे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक). उजाडल्यावर थोड्याच वेळात मोकळ्या आभाळाखाली काही हजार लक्स असतात, अगदी ढगाळ असलं तरी. डोळा या फरकाशी इतक्या सफाईने जुळवून घेतो की तो आपल्या लक्षातही येत नाही. घड्याळाच्या पेशींच्या मात्र येतो. म्हणून गड चढणाऱ्यांना जो ताजेपणा वाटतो त्यात चढाइतकाच हात उघड्या आभाळाचा आहे, आणि तो बाल्कनीत चहा पिणाऱ्यालाही फुकट मिळतो.

पण यात एक गंमत आहे आणि मी तिथेच फसलो होतो. उजेड घड्याळाला पुढे ओढतो की मागे ढकलतो, हे तो कधी पडला यावर ठरतं. शरीराचं तापमान दिवसभरात सगळ्यात खाली जातं ते नेहमीच्या जागं होण्याच्या साधारण दोन तास आधी. त्यानंतरचा उजेड घड्याळाला लवकरच्या बाजूला ओढतो. त्याआधीचा उजेड मात्र शरीराला संध्याकाळ लांबल्यासारखा वाटतो, आणि घड्याळ आणखी उशिराकडे सरकतं. आता एखादा रोज रात्री एकला झोपून नऊला उठणारा माणूस घ्या. तो सोमवारी अचानक पाचचा गजर लावतो, उठतो, घरभर दिवे लावून मोबाइल डोळ्यांपुढे धरतो. त्याच्या शरीराच्या हिशेबात अजून मध्यरात्रच चाललेली असते. त्यामुळे तो लवकर उठून उशिरा झोपायची तयारी करत असतो. यावर उपाय अगदीच बिनरुबाबाचा आहे: गजर दर दोन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणायचा, आणि रात्री दहानंतर दिवे मंद करायचे.

डोळे उघडल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास, मेंदू पुरता जागा झालेला नसतो. आपण उभे असतो, बोलतोही, पण निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग अजून पांघरुणातच असतो. आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याला विचारतो, ‘आज गडावर जायचं का?’ तो काय उत्तर देणार? सवयीचं सगळं मर्म माझ्या मते इथे आहे. सकाळी प्रश्न पडताच कामा नये.

सवय म्हणजे मेंदूने विचारायचं बंद करणं. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठात अ‍ॅन ग्रेबिएल यांनी उंदरांना चॉकलेटचं आमिष दाखवून इंग्रजी ‘टी’ आकाराच्या वाटेत पळवलं आणि मेंदूच्या खोल भागातल्या पेशींची हालचाल टिपली. सुरुवातीला पेशी वाटभर धडधडत होत्या. वाट अंगवळणी पडल्यावर मात्र त्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा जोरात बोलायच्या, मधलं सगळं शांत. अख्खी वाट एकच गाठोडं होऊन गेली होती. गाठ सुटायला फक्त सुरुवातीची खूण पुरे.

ती खूण किती बलवान असते, हे 2011 मधल्या एका प्रयोगात दिसलं. सिनेमागृहात काहींना ताजे आणि काहींना आठवडाभर जुने, वातड पॉपकॉर्न दिले. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच संपवले, चव आवडली नाही असं सांगूनसुद्धा. त्याच सवयीच्या लोकांना मीटिंगच्या खोलीत बसवलं तर शिळे पॉपकॉर्न उरले. आणि सिनेमागृहातच पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं, तरीही उरले. म्हणजे खात होती ती जागा आणि तो हात, माणूस नव्हे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1990 च्या दशकात दाखवलं, की ‘मी व्यायाम करणार’ असं नुसतं ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करणार’ असं ठरवलेलं काम जास्त वेळा पार पडतं. मराठीला हे शिकवायची गरज नाही. ‘दूध उतरलं की’, ‘दिवेलागण झाली की’, ‘पेरणी आटोपली की’ अशा ‘की’वरच आपली घरं चालत आलेली आहेत. माझी ‘की’ साधी आहे: चूळ भरली की बूट. बूट मोरीच्या दारात असतात. बूट घातल्यावर परत गादीवर जायला माणसाला लाज वाटते, एवढंच त्यामागचं शास्त्र.

हे किती दिवसांत जमतं? एकवीस दिवसांची अफवा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनपासून निघाली. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याने 1960 मध्ये लिहिलं. पुढे त्यातलं ‘किमान’ गळालं आणि चेहराही गळाला. प्रत्यक्ष मोजणी केली ती लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. 96 जणांनी बारा आठवडे एक नवं काम रोज एका ठरलेल्या खुणेनंतर केलं. 2010 मध्ये निष्कर्ष आले: ते सहज व्हायला मधला आकडा 66 दिवसांचा, पण कुणाला 18 पुरले आणि कुणाचा अंदाज 254 पर्यंत गेला. पाणी पिण्यासारखं काम पटकन रुजलं, व्यायामाला वेळ लागला. एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडलं नाही. गडाच्या वाटेवर हा आलेख दरवर्षी बघायला मिळतो. 1 जानेवारीला पार्किंगला जागा नसते, आणि संक्रांत उलटली की पुन्हा तीच जुनी मंडळी ‘राम राम’ करत भेटतात.

या भागात सवयीची खरी शाळा म्हणजे तालीम. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकून आले, तेव्हापासून नव्हे, त्याच्याही कितीतरी आधीपासून सातारा-सांगलीकडची पोरं भल्या पहाटे हौद्यात उतरत आली आहेत. तिथे कुणी स्वतःला प्रोत्साहन देत बसत नाही. वस्ताद उभा असतो, जोडीदार लंगोट कसून तयार असतो, माती उकरलेली असते. जोर संपले की बैठका, बैठका संपल्या की लढत. आणि पहाटेचं कौतुक करणारे जे सांगत नाहीत ते असं, की पैलवान रात्री लवकर आडवा होतो आणि दुपारी जेवून झोपतोसुद्धा. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. ती कापून मिळवलेली पहाट उधारीची.

सगळ्यांचं घड्याळ सारखं नसतं हेही खरं. काही घराण्यांत एका जनुकातल्या बदलामुळे माणसं संध्याकाळी साडेसातलाच पेंगतात आणि पहाटे साडेचारला टक्क जागी होतात, यात त्यांचा काही पराक्रम नाही. उलट वयात येणाऱ्या मुलांचं घड्याळ उशिराकडे सरकतं आणि विशीनंतर हळूहळू परत येतं. सकाळी सहाच्या क्लासला जांभया देणाऱ्या अकरावीच्या पोराला आळशी म्हणण्याआधी हे आठवावं. आणि ज्याच्या शेताला आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाइट मिळते, जो मध्यरात्री उसाला पाणी धरून येतो, त्याला पाचला उठण्याचे फायदे सांगणं मला तरी उद्धटपणाचं वाटतं.

माझं स्वतःचं गाडं अडतं ते जुलैत. पाऊस धरला की गडाच्या पायऱ्यांवर शेवाळ येतं, धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही, आणि बूट वाळायचं नावच घेत नाहीत. पहिल्या वर्षी मी तीन आठवडे घरी बसलो. ऑगस्टात बूट मोरीच्या दारात नव्हते, माळ्यावर होते, आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. आता पावसात गड सोडतो, चूळ सोडत नाही. चूळ भरली की रबरी चपला, छत्री, आणि कोपऱ्यावरच्या दूध केंद्रापर्यंत जाऊन यायचं. पिशवी हातात देताना केंद्रावरचे काका परवा म्हणाले, ‘आज उशीर झाला जणू?’ सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.