पहिल्या नंबराचं मोल किती? जपानी बेसबॉलच्या ‘क्लायमॅक्स सिरीज’ची पार्श्वभूमी

१२ नोव्हेंबर २०२१, ओसाकाचं क्योसेरा डोम. नववा डाव, म्हणजे शेवटचा. चिबा लोट्टे मरीन्स ३-२ ने पुढे आणि फलंदाजीला यजमान ओरिक्स बफेलोज. युया ओदा बंटच्या पवित्र्यात उभा राहिला. बंट म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू नुसता पुढ्यात टाकायचा, म्हणजे बेसवरचे (मैदानातल्या थांब्यांवरचे) धावक एकेक बेस पुढे सरकतात. क्षेत्ररक्षक त्या हिशोबाने पुढे धावले. ओदाने ऐन वेळी बॅट मागे ओढली आणि चेंडू त्यांच्या मागे पिटाळला. एक धाव आली, ३-३ झाले, आणि ओरिक्सचा अख्खा संघ नाचत मैदानात शिरला.

सामना बरोबरीतच होता. फलंदाज अजून बाद व्हायचे होते, पण पंचांनी खेळ तिथेच संपवला. यजमान संघाने शेवटच्या डावात विजयी धाव काढून सामना संपवला की जपानी लोक त्याला ‘सायोनारा’ म्हणतात. त्या रात्री जे झालं त्याला ‘सायोनारा बरोबरी’ असं नाव पडलं. आपल्याकडे क्रिकेटमध्येही असला प्रकार कुणी पाहिला नसेल.

हे का घडलं? हा सामना होता क्लायमॅक्स सिरीजचा, म्हणजे लीगमधून राष्ट्रीय अंतिम मालिकेला कोण जाणार हे ठरवणाऱ्या मालिकेचा. ओरिक्स हंगामात पहिला आला होता. पहिला आल्याबद्दल त्याला मालिका सुरू होण्याआधीच एक विजय आंदण मिळालेला होता. आधीचे दोन सामने त्याने मैदानात जिंकले होते, आणि मालिकेचा हिशोब बरोबरीत आला तरी वरच्या क्रमांकाचा संघ पुढे जाणार असा नियम होता. त्यामुळे ३-३ झाल्यावर लोट्टेने उरलेले तिन्ही सामने जिंकले तरी हिशोब बरोबरीतच आला असता; गाठायला काही उरलंच नव्हतं.

त्या आंदण मिळालेल्या एका विजयामागे जवळजवळ ५० वर्षांची घासाघीस आहे. जपानमध्ये व्यावसायिक बेसबॉलच्या दोन लीग आहेत, सेंट्रल आणि पॅसिफिक, प्रत्येकी सहा संघांच्या. १९५० पासून दोघींचे विजेते हंगामाच्या शेवटी ‘जपान सिरीज’ खेळू लागले, चार विजय आधी मिळवेल तो राष्ट्रीय विजेता. साधीसरळ व्यवस्था. अडचण एवढीच, की लीगमध्ये एखादा संघ लवकर सुटला की बाकीच्यांचे शेवटचे पन्नासेक दिवस फुकट. अशा सामन्यांना जपानीत ‘शोका-जिआई’ म्हणतात. शोका म्हणजे पचन. वेळापत्रक पोटात गेलंय, आता ते पचवायचं, इतकाच त्या सामन्यांचा अर्थ.

हे दुखणं पॅसिफिकला जास्त जाचायचं. टीव्हीवर दिसायचे ते सेंट्रलमधले योमिउरी जायंट्स, ज्यांनी १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मारलं. त्यात ६९-७० च्या सुमारास सामने विकल्याची भानगड उघड झाली आणि पॅसिफिकचे संघ त्यात जास्त होरपळले. स्टँड ओस पडू लागले. मग १९७३ मध्ये पॅसिफिकने हंगामाचे दोन तुकडे केले. ६५ सामन्यांचा पूर्वार्ध, ६५ चा उत्तरार्ध, आणि दोन्हींच्या विजेत्यांमध्ये पाच सामन्यांची मालिका.

पहिल्याच वर्षी कात्सुया नोमुरा नावाच्या हुशार माणसाने या व्यवस्थेचं बिंग फोडलं. नानकाई हॉक्सचा तो कॅचरही होता आणि मॅनेजरही. पूर्वार्ध नानकाईने जिंकला. उत्तरार्धात हांक्यू ब्रेव्हजविरुद्धच्या १३ सामन्यांत त्यांना एकही विजय मिळाला नाही. १२ पराभव आणि एक बरोबरी. लोकांना वाटलं, प्लेऑफमध्ये हांक्यू यांना चिरडणार. प्रत्यक्षात नानकाईने मालिका ३-२ ने जिंकली. नोमुराने मेल्याचं सोंग घेतलं होतं, असं तेव्हापासून बोललं जातं. पूर्ण हंगाम मोजला तर हांक्यू कितीतरी पुढे होता. पण लीगचा विजेता म्हणून नोंद नानकाईची झाली.

नोमुरा लबाड होता की नियम बावळट, यावर जपानी चाहते अजून भांडतात. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पूर्वार्ध जिंकलेल्या संघाला उत्तरार्धात झिजायचं कारणच नियमाने ठेवलं नव्हतं. १९७६ आणि १९७८ मध्ये हांक्यूने दोन्ही अर्ध जिंकले आणि प्लेऑफच झाला नाही, म्हणजे ज्या गर्दीसाठी हे सगळं मांडलं तीही हुकली. १९८२ नंतर ही पद्धत गुंडाळली गेली.

पुढची २० वर्षं ओलांडून थेट २००४ मध्ये येऊ, कारण जपानी बेसबॉलचं इतकं वादळी वर्ष दुसरं नसेल. किंतेत्सु आणि ओरिक्स हे पॅसिफिकचे दोन संघ एकत्र करायचं ठरलं. मालकांपैकी काहींच्या डोक्यात तर दोन लीग मोडून एकच करायचा बेत होता. खेळाडूंच्या संघटनेने, तिचा अध्यक्ष तेव्हा आत्सुया फुरुता होता, १८ आणि १९ सप्टेंबरला संप केला. जपानी व्यावसायिक बेसबॉलमधला हा पहिला संप. दोन लीग वाचल्या, आणि पुढच्या वर्षी राकुतेन हा नवा संघ आला.

या धामधुमीतच पॅसिफिकने नवा प्लेऑफ सुरू केला. पहिले तीन संघ पात्र. दुसरा आणि तिसरा आपसात तीन सामन्यांची मालिका खेळणार, जिंकेल तो पहिल्याशी पाच सामन्यांची. पहिल्या संघाची आघाडी पाच ‘गेम’ किंवा जास्त असेल तर त्याला एक विजय आगाऊ. (दोन संघांच्या विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक मिळवून निम्मे केले की ही आघाडी निघते, गुणतक्त्याऐवजी बेसबॉलवाले असं मोजतात.) शेवटी जो जिंकेल तोच लीगचा विजेता.

फुकुओकाच्या हॉक्सवर काय वेळ आली ते पाहा. मॅनेजर सादाहारू ओह, ज्याच्या नावावर ८६८ होम रन आहेत तो. २००४ मध्ये संघ दाइएईच्या मालकीचा होता, हंगामात पहिला आला, आघाडी साडेचार गेम. पाच नाही. आगाऊ विजय नाही. सेइबु लायन्सकडून २-३ ने हार. २००५ मध्ये मालक सॉफ्टबँक, हंगामात ८९ विजय, पुन्हा पहिले, आणि आघाडी पुन्हा नेमकी साडेचार. या वेळी लोट्टेकडून २-३ ने हार. अर्ध्या गेमपायी दोनदा घास तोंडातून गेला, आणि लीगच्या विजेत्यांच्या यादीत त्या दोन्ही वर्षांत हॉक्सचं नाव नाही. ओहसारख्या माणसाच्या वाट्याला हे यावं, हे आजही पटत नाही.

त्याच लोट्टेने पुढे जपान सिरीजमध्ये हानशिन टायगर्सला १०-१, १०-०, १०-१ आणि ३-२ असं धुतलं. पहिला सामना तर धुकं दाटल्यामुळे सातव्या डावातच थांबवावा लागला होता. बेरीज ३३-४. जपानी इंटरनेटवर कुठेही ३३ आणि ४ हे आकडे शेजारी आले की लगेच कुणीतरी हानशिनचं नाव काढतो आणि चाहता चिडून म्हणतो, ‘यात हानशिनचा काय संबंध?’ हानशिनवाल्यांचं गाऱ्हाणं मात्र अगदीच पोकळ नव्हतं. सेंट्रलमध्ये प्लेऑफ नसल्यामुळे त्यांचा संघ दोन आठवड्यांहून जास्त काळ सामन्याविना बसून होता, आणि समोर आला तो प्लेऑफच्या आगीतून नुकताच निघालेला संघ.

२००६ मध्ये पॅसिफिकने गेमची अट काढली; पहिल्याला सरसकट एक विजय. प्लेऑफचे सामने मात्र तुडुंब भरत होते, आणि ते सेंट्रलच्या मालकांनी पाहिलं होतं. आजवर नाक मुरडणारी सेंट्रल २००७ मध्ये तयार झाली. दोन्ही लीगचं मिळून एकच नाव ठरलं, ‘क्लायमॅक्स सिरीज’. वाटाघाटीत दोन गोष्टी बदलल्या. लीगचं विजेतेपद यापुढे हंगामातच ठरणार. क्लायमॅक्स सिरीज फक्त जपान सिरीजला कोण जाणार एवढंच ठरवणार. ही सुधारणा उत्तम. दुसरी अजब: आगाऊ विजय रद्द.

आणि पहिल्याच वर्षी सेंट्रलच्या विजेत्या जायंट्सना दुसऱ्या आलेल्या चुनिची ड्रॅगन्सने टोकियो डोममध्ये ३-० असं घरी बसवलं. ड्रॅगन्स पुढे ५३ वर्षांनी राष्ट्रीय विजेते झाले. त्या जपान सिरीजच्या पाचव्या सामन्यात पिचर (गोलंदाज) दाइसुके यामाईने आठ डावांत एकाही फलंदाजाला बेसवर येऊ दिलं नव्हतं, तरी मॅनेजर ओचिआईने नवव्या डावात त्याला काढून इवासेला आणलं. तो निर्णय बरोबर की चूक, हा जपानमध्ये चहाच्या कपाबरोबर कधीही काढता येणारा विषय आहे. पण तो संघ लीगचा विजेता नव्हता, हे विसरायला नको.

पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, आगाऊ विजय परत आला, आणि पुढे जी रचना रूढ झाली ती बेतली गेली. पहिला टप्पा: दुसरा विरुद्ध तिसरा, तीन सामने, सगळे दुसऱ्याच्या मैदानावर. अंतिम टप्पा: जास्तीत जास्त सहा सामने, सगळे लीग विजेत्याच्या मैदानावर, ठरल्याप्रमाणे सहा दिवस ओळीने. विजेता १-० वर उभा राहूनच सुरुवात करतो, आणि चार करेल तो पुढे. तिकिटांचं उत्पन्न यजमानाचं, म्हणजे पहिला येण्याचं बक्षीस रोखीतही मिळतं.

आयपीएलवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे पहिल्या दोघांना हरून पुन्हा एक संधी मिळते. जपानमध्ये संधीऐवजी विजयच देतात. कोणती पद्धत जास्त न्याय्य? मी कागदावर हिशोब करून पाहिला. दोन संघ अगदी तुल्यबळ धरले, प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक, तर आव्हान देणाऱ्याला सहापैकी चार जिंकायचे आहेत आणि ६४ शक्यतांपैकी २२ त्याच्या बाजूने पडतात. साधारण ३४ टक्के. तिसऱ्या आलेल्याने त्याआधी पहिला टप्पाही पार करायचा, म्हणजे १७ टक्के. आणि वर जपान सिरीज. बारात एखादा.

तरी तो एखादा येतोच. २०१० मध्ये लोट्टे हंगामाच्या शेवटच्या दिवशी कसाबसा तिसरा आला. सेइबुला हरवलं. अंतिम टप्प्यात सॉफ्टबँक आगाऊ विजय धरून ३-१ ने पुढे होता, तिथून ओळीने तीन जिंकले. जपान सिरीजचा सहावा सामना नऊ डावांत न सुटल्याने लांबला आणि १५ डावांनंतर २-२ बरोबरीत सुटला, पाच तास ४३ मिनिटांनी; सातवा १२ डावांत ८-७ असा जिंकला. तिसरा येऊन राष्ट्रीय विजेता होणारा तो पहिला संघ. पेपरांनी शब्द वापरला ‘गेकोकुजो’. सरदारांनी धन्याला उलथवून गादी बळकावायची, अशा जपानच्या यादवीच्या काळातला हा शब्द. शिवकाळाच्या आगेमागे असली उलथापालथ वाचलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

बरोबरीच्या नियमाने तर वेगळीच मजा आणली. २०१४ मध्ये हानशिनने हिरोशिमाविरुद्ध पहिला सामना १-० ने जिंकला होता. दुसऱ्यात १२ डावांपर्यंत एकही धाव नाही. बाराव्या, म्हणजे शेवटच्या डावात हिरोशिमाची फलंदाजी रिकामी गेली आणि सामना तिथेच संपला. वरच्या क्रमांकाच्या हानशिनला आपली पाळी खेळायची गरजच नव्हती. २०१७ मध्ये हाच नियम हानशिनवर उलटला म्हणायचा. पहिला सामना त्यांनी जिंकलेला, दुसऱ्या दिवशी त्यांच्या कोशिएन मैदानावर धो धो पाऊस. सामनेच झाले नसते तर वरच्या क्रमांकाचा हानशिन आपसूक पुढे जाणार होता. म्हणून की काय, भातखाचरासारख्या चिखलात खेळ रेटला गेला. योकोहामाच्या डीएनए बेस्टार्सने १३-६ ने जिंकला, तिसराही जिंकला आणि पुढे हंगामात त्यांच्यापेक्षा साडेचौदा गेम पुढे राहून लीग जिंकलेल्या हिरोशिमालाही गारद केलं. हिरोशिमाचा आगाऊ विजय आणि पहिला सामना मिळून २-० होते, त्यानंतर ओळीने चार हरले.

२०२० मध्ये कोविडमुळे सेंट्रलने क्लायमॅक्स सिरीज भरवलीच नाही. पॅसिफिकने फक्त पहिल्या दोन संघांची छोटी मालिका केली.

मग २०२४. बेस्टार्स पुन्हा तिसरे, ७१ विजय आणि ६९ पराभव, पहिल्या जायंट्सच्या आठ गेम मागे. त्यांनी हानशिनला हरवलं, जायंट्सना टोकियो डोममध्ये सहाव्या सामन्याच्या नवव्या डावात शुगो माकीच्या फटक्याने हरवलं, आणि ९१ विजय मिळवलेल्या सॉफ्टबँकविरुद्ध पहिले दोन सामने गमावून पुढचे चार जिंकले. २६ वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद. तेव्हाचा मॅनेजर दाइसुके मिउरा १९९८ च्या विजेत्या संघातला पिचर. योकोहामा वेडं झालं, आणि बाकी जपानात तोच जुना प्रश्न निघाला: १४३ सामने खेळून पराभवांपेक्षा जेमतेम दोन विजय जास्त मिळवणारा संघ देशात पहिला कसा? एक आगाऊ विजय पुरतो का? दोन द्यावेत का? बेस्टार्सचं शेवटचं लीग विजेतेपद मात्र अजून १९९८ चंच आहे.

२०२५ मध्ये पॅसिफिकच्या अंतिम टप्प्यात सॉफ्टबँक पहिले दोन सामने जिंकून ३-० वर गेला. निप्पॉन हॅम फायटर्सने पुढचे तीन जिंकून ३-३ केलं. सहावा सॉफ्टबँकने २-१ ने घेतला आणि पुढे जाऊन हानशिनला हरवून राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. त्या सहा दिवसांत मैदानात दोघांचे विजय तीन-तीन होते. चौथा मालिकेच्या आधीच लिहिलेला होता.