शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यापीठाचे यश : पार्श्वभूमी

परीक्षा विभाग, ग्रंथालय, प्रयोगशाळा, लेखा शाखा, वसतिगृह अशा ठिकाणी राबणाऱ्या मंडळींना आपण सरसकट ‘शिक्षकेतर’ म्हणतो, म्हणजे ते कोण नाहीत एवढेच सांगून थांबतो. आपली संस्था यशस्वी आहे असे त्यांना केव्हा वाटते, हा प्रश्न अभ्यासकांना फार उशिरा का पडला, याचे थोडेफार उत्तर या नावातच मिळते.

कामे मात्र विद्यापीठांइतकीच जुनी आहेत. मध्ययुगात बोलोन्या आणि पॅरिस येथे ‘बेडेल’ नावाचा सेवक समारंभात दंड घेऊन पुढे चाले आणि व्याख्यानांच्या, सुट्ट्यांच्या सूचना वर्गावर्गांत वाचून दाखवी. पाठ्यग्रंथांच्या तपासलेल्या प्रती सुट्या जुड्या करून नकलेसाठी भाड्याने देणारे ग्रंथविक्रेतेही विद्यापीठाच्या शपथेने बांधलेले असत. केंब्रिजमध्ये नोंदी राखणारे ‘रजिस्ट्ररी’ हे पद १५०६ पासून चालत आले आहे. या कामांची कसोटी उघड होती : सूचना वेळेवर पोहोचली का, प्रत शुद्ध आहे का, नोंद बिनचूक आहे का.

संस्थेचे यश म्हणजे काय, याची शास्त्रीय चर्चा विसाव्या शतकाच्या मध्यात जोर धरू लागली. जॉर्जोपुलोस आणि टॅननबाउम या संघटनांच्या अभ्यासकांनी १९५७ साली मांडलेल्या व्याख्येत उद्दिष्टे गाठण्याबरोबरच संस्थेची साधने खिळखिळी होऊ नयेत आणि सदस्यांवर अवाजवी ताण येऊ नये, अशाही अटी होत्या. पुढच्या काळात उद्दिष्टांचेच तेवढे कौतुक झाले आणि ताणाची अट मागे पडली, हे माझ्या मते या इतिहासातले सर्वांत मोठे नुकसान आहे.

विद्यापीठांच्या बाबतीत तर उद्दिष्टेच धूसर निघाली. कोहेन, मार्च आणि ओल्सेन यांनी १९७२ मध्ये विद्यापीठांना ‘संघटित अराजका’चे, म्हणजे उद्दिष्टे अस्पष्ट, कामाच्या पद्धती नीट न उमगलेल्या आणि सहभागी सतत बदलणारे अशा संस्थेचे, ठळक उदाहरण ठरवले, तर कार्ल वाइक यांनी १९७६ मध्ये शिक्षणसंस्थांचे भाग एकमेकांशी सैलसर जोडलेले असतात असे दाखवले. किम कॅमेरून यांनी १९७८ मध्ये विद्यार्थ्यांचे समाधान, अध्यापकांची गुणवत्ता, साधने मिळवण्याची क्षमता, संस्थेचे अंतर्गत स्वास्थ्य अशा नऊ मोजमापांची चौकट दिली. ती आजही उपयोगी पडते. मात्र ही मोजमापे त्यांनी ठरवली ती संस्थेची सूत्रे हाती असलेल्यांना, म्हणजे वरिष्ठ प्रशासक आणि विभागप्रमुखांना, विचारून. खिडकीमागे बसणारा कारकून त्या वर्तुळात नव्हता.

त्यानंतर आकड्यांचा जमाना आला. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या कारभारावरील १९८५ च्या जॅरॅट अहवालाने कुलगुरूंकडे मुख्य कार्यकारी म्हणून पाहिले आणि कामगिरीच्या निर्देशांकांचा आग्रह धरला. १९८६ पासून तेथे संशोधनाचे मूल्यमापन सुरू झाले. २००३ मध्ये शांघायहून निघणारी विद्यापीठांची जागतिक क्रमवारी आली. तिच्यात नोबेलसारखे पुरस्कार, ज्यांच्या लेखनाचे संदर्भ वारंवार दिले जातात असे संशोधक आणि शोधनिबंध मोजले जातात. दरडोई कामगिरी काढतानाही भागाकार होतो तो अध्यापक-संशोधकांच्या संख्येने. म्हणजे शिक्षकेतर कर्मचारी अंशातही नाही आणि छेदातही नाही!

२००८ मध्ये सेलिया व्हिटचर्च यांनी अध्यापन आणि प्रशासन यांच्या मधल्या ‘तिसऱ्या अवकाशा’त काम करणाऱ्या व्यावसायिकांकडे लक्ष वेधले, तेव्हा ही कोंडी थोडी फुटली. प्रकल्प व्यवस्थापक, विद्यार्थी साहाय्य केंद्रातले तज्ज्ञ यांना ओळख मिळाली. दप्तर सांभाळणाऱ्यांपर्यंत मात्र ती फारशी झिरपली नाही.

त्यांचे यश कसे असते ते निकालाच्या आदल्या संध्याकाळी परीक्षा विभागात दिसते. एका विद्यार्थ्याचे तोंडी परीक्षेचे गुण आलेलेच नसतात. संगणकाने त्या रकान्यात गैरहजर धरलेले असते. हजेरीपत्रकावर सही दिसल्यामुळे कर्मचाऱ्याला शंका येते, तो विभागात फोन करतो, परीक्षकाकडून गुणांची यादी मागवतो आणि सकाळी निकाल वेळेवर लागतो. तक्रार झालीच नाही, म्हणून नोंदही होत नाही. अशा माणसाच्या हाती प्रश्नावली देऊन ‘संस्थेचे यश कशात आहे?’ असे विचारले, की तो बहुधा भिंतीवरच्या ध्येयवाक्यातले शब्द लिहून देतो. त्या संध्याकाळच्या फोनबद्दल विचारले, तर तो तासभर बोलू शकतो.