प्रवरपूरचा पत्ता : पवनार की मनसर?

प्राचीन विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांची राजधानी प्रवरपूर नेमकी कुठे होती, हा जुना वाद. वाकाटकांचा इतिहास ज्यांनी सलग मांडला, ते नागपूरचे प्राध्यापक वा. वि. मिराशी मुळात संस्कृतचे. इतिहासाकडे ते ताम्रपटांच्या वाटेने आले. कलचुरी-चेदी लेखांचे त्यांचे संपादन १९५५ साली निघाले, वाकाटकांचे १९६३ ला. आजही दोन्हींवाचून कोणाचे भागत नाही.

सामग्री बहुतेक खेड्यांतली. अचलपूरकडच्या चम्मकचा सात पत्र्यांचा ताम्रपट शेत नांगरताना निघाला. दान हजार ब्राह्मणांना आठ हजार 'भूमी' (जमिनीचे जुने माप). नावे मात्र एकोणपन्नासच कोरलेली. पत्रा साफ करायचा, ओला कागद ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, किंचित सुकला की शाईची पुरचुंडी हलक्या हाताने फिरवायची. शाई जास्त झाली की या लिपीतल्या अक्षरांच्या डोक्यावरच्या चौकोनी पेट्या बुजतात. 'त' आणि 'न', 'च' आणि 'व' यांची गल्लत होते. एक नाव चुकले तर वंशावळ चुकते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या लेखात सर्वसेन या वाकाटक राजाचे नाव आधी वेगळेच वाचले गेले होते. १९३९ साली वाशीमचा ताम्रपट मिळाला, तेव्हा वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, इथली वाकाटकांची स्वतंत्र शाखा उजेडात आली आणि अजिंठ्याचे वाचन दुरुस्त झाले.

खरा गुंता प्रवरपूरचा. दुसऱ्या प्रवरसेन या वाकाटक राजाचे आधीचे ताम्रपट नंदिवर्धन या राजधानीहून दिलेले, चम्मकसारखे पुढचे प्रवरपूरहून. ताम्रपटात राज्यवर्ष असते, शक किंवा संवत नसतो. दान दिलेल्या गावाची चतुःसीमा असते, ती महसुली नकाशावर जुळवता येते. त्यातले एखादे गाव आज नुसते रिठ, म्हणजे ओसाड गावठाण, म्हणून उरलेले असते. राजधानीची चतुःसीमा कोणी लिहीत नाही. म्हणून आधार उरला नावाचा : प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे मिराशींचे मत. जोडीला धाम नदीकाठची उंच पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड, आणि विनोबांच्या आश्रमाच्या खोदकामात निघालेली रामायणाची शिल्पे. १९६७ च्या उत्खननात वाकाटककालीन वस्तीही दिसली. प्राध्यापकांचा शब्द होता, त्यामुळे बराच काळ कोणी वाद घातला नाही.

१९९७-९८ पासून रामटेकजवळच्या मनसरला हिडिंबा टेकडी खणली गेली. विटांचे भव्य देवालय निघाले आणि 'प्रवरेश्वरस्य' अशी अक्षरे असलेली मातीची मुद्रा. तेव्हापासून मनसरच प्रवरपूर, असे ठामपणे लिहिले जाऊ लागले. पण प्रवरेश्वर हे देवाचे नाव. पांढुर्ण्याच्या ताम्रपटातही 'प्रवरेश्वर-देवकुल-स्थान' असाच उल्लेख आहे, नगराचा नव्हे. देऊळ कुठे होते ते मुद्रेने कळते. राजा कुठे राहत होता ते कळत नाही. शिवाय आधीची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचेच नगरधन. तिथे अलीकडे प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता हिची मुद्राही सापडली आहे. नगरधन मनसरपासून दहा किलोमीटरच्या आतबाहेर. तेवढ्यासाठी राजधानी हलवली, हे पटायला जड जाते. नावाच्या साम्यावर सगळा भार टाकणे हीही पवनारवाल्यांची कच्ची बाजू, हे खरे.

यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मनसरची टेकडी मोकळी होती, थेट खणता आली. पवनारची पांढरी आजच्या गावाच्या घरांखाली आहे.