विमानतळाची मेट्रो आणि विमानतळाला जाणारी मेट्रो

पुण्याहून आत्याचा फोन आला, दिवाळीनंतर येतेय म्हणाली, आणि पुढचंच वाक्य हे की अगं तुमच्या इंदूरला आता मेट्रो झालीये ना, मग विमानातनं उतरले की मेट्रोनेच येते रामबागेत, कशाला कुणाला घ्यायला पाठवता. तिने फोनवर नकाशा बघितला होता, त्यात पिवळ्या लाइनच्या टोकाला देवी अहिल्याबाई होळकर टर्मिनल असं लिहिलेलं, आणि आपल्या विमानतळाचं नावही देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ, मग कोणालाही वाटणार की हेच ते. मी सांगितलं, आत्या ते गांधी नगरचं मेट्रो स्टेशन आहे, विमानतळ त्याच बाजूला असला तरी बॅगा ओढत चालत जावं इतका जवळ नाही, आणि आत्ता चालू असलेली मेट्रो तिथून सुपर कॉरिडॉरवर, म्हणजे आयटी कंपन्यांच्या मोठ्या रस्त्यावर जाते, रामबागेकडे येतच नाही. ३१ मे २०२५ ला, अहिल्याबाईंच्या ३०० व्या जयंतीला, जो सहाएक किलोमीटरचा आणि पाच स्टेशनांचा तुकडा सुरू झाला तो एवढाच.

नावाचा हा गोंधळ एका फोनमध्ये मिटला. पण त्याच्या मागे एक मोठा गोंधळ आहे, तो आमच्या घरातच रोज जेवताना ऐकू येतो, म्हणून हे लिहितेय. काका म्हणतात इंदूरला एअरपोर्ट मेट्रो पाहिजे, माझा भाऊ म्हणतो होतेच आहे की, आणि दोघंही एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतात. काकांच्या डोक्यात दिल्लीची एअरपोर्ट एक्सप्रेस असते, भावाच्या डोक्यात इथली ३१ किलोमीटरची रिंग, म्हणजे शहराला गोल फिरणारी मेट्रोची लाइन, जिच्यावर पुढे विमानतळाचं पण एक स्टेशन येणार आहे.

एअरपोर्ट एक्सप्रेस म्हणजे वेगळी लाइन, वेगळी गाडी, वेगळं भाडं, मधे मोजके थांबे. तिचा गिऱ्हाईक एकच, विमानाने जाणारा येणारा माणूस. दिल्लीची २३ फेब्रुवारी २०११ ला सुरू झाली, २०२३ पर्यंत ती नवी दिल्ली स्टेशनपासून द्वारका सेक्टर २१ पर्यंत २२.७ किलोमीटर होती आणि त्यात फक्त सहा स्टेशनं, म्हणून तर नवी दिल्लीहून विमानतळाच्या टर्मिनल ३ ला माणूस वीसेक मिनिटांत पोचतो. नवी दिल्ली स्टेशनवरच सामान देऊन बोर्डिंग पास घ्यायची सोय केली, सामान ठेवायला डब्यात जागा केली. आणि दुसरा प्रकार म्हणजे शहराची नेहमीची मेट्रो, जी शाळा कॉलेज, बाजार, रेल्वे स्टेशन करत करत विमानतळावरून पण जाते. तिच्या दृष्टीने विमानतळ हा वीस पंचवीस थांब्यांतला एक थांबा.

गंमत म्हणजे एकाच दिल्लीत दोन्ही आहेत. टर्मिनल ३ ला एक्सप्रेस जाते आणि टर्मिनल १ ला २०१८ पासून साधी मजेंटा लाइन जाते, त्यामुळे तिथे आधी कुठलं टर्मिनल ते बघायचं आणि मग मेट्रो, नाहीतर पंचाईत. लंडनला पण तसंच, पिकॅडिली लाइन १९७७ पासून हीथ्रोला जाते, सगळीकडे थांबत तासाभराने पोचवते, आणि १९९८ साली आलेली हीथ्रो एक्सप्रेस पॅडिंग्टनहून पंधरा मिनिटांत पोचते पण भाडं कितीतरी पट. मुंबईची लाइन ३ म्हणजे दुसऱ्या प्रकारातली, कफ परेड ते आरे ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातली दोन विमानतळाच्या दोन टर्मिनलची. आणि मुंबईतच लाइन १ वर एअरपोर्ट रोड नावाचं स्टेशन आहे, तिथे उतरलात तर पुढे रिक्षाच, म्हणजे आमच्या गांधी नगरसारखंच.

आता काकांना मी कागदावर हिशोब करून दाखवला तो इथे पण सांगते, कारण सगळा प्रश्न अंतराचा आहे. शहराच्या मध्यावरच्या राजवाड्यापासून आपला विमानतळ आठेक किलोमीटर. साधी मेट्रो किलोमीटर सव्वा किलोमीटरवर थांबत गेली तर थांबे धरून ताशी ३२ च्या आसपास पडते, म्हणजे पंधरा मिनिटं. न थांबणारी गाडी ठेवली तर समजा आठ मिनिटं, वाचली सात मिनिटं, छान. पण माणूस गाडीत बसायच्या आधी फलाटावर उभा असतो ना. साधी मेट्रो दर सहा मिनिटांनी असली तर सरासरी तीन मिनिटं वाट बघायची, आणि एक्सप्रेसला फक्त विमानवालेच बसणार म्हणून ती दर पंधरा मिनिटांनी ठेवली तर साडेसात मिनिटं. झाले साडेचार मिनिटं परत. उरली अडीच मिनिटं, आणि त्यासाठी वेगळा रूळ, वेगळा बोगदा, वेगळ्या गाड्या. काका थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की पण सामान? ते त्यांचं बरोबर आहे, त्यावर खाली येते.

अंतर जास्त असलं की हाच हिशोब उलटतो. क्वालालंपूरचा विमानतळ शहरापासून ५७ किलोमीटर, तिथली एक्सप्रेस २८ मिनिटांत नेते, तिथे साध्या मेट्रोने जायचं म्हणजे जीव जाईल. पण नुसता वेग असूनही भागत नाही हे शांघायला दिसतं, तिथली चुंबकावर तरंगणारी गाडी ३० किलोमीटर आठ मिनिटांच्या आत कापायची, पण शहराच्या बाजूचं तिचं टोक लोंगयांग रोडला आहे, खऱ्या मध्यावर नाही, मग तिथे उतरून परत मेट्रो बदला. टोरंटोची एक्सप्रेस २०१५ ला सुरू झाली तेव्हा भाडं साडेसत्तावीस डॉलर, गाड्या रिकाम्या धावल्या, पुढच्याच वर्षी भाडं १२ डॉलरवर आणलं तेव्हा लोक बसायला लागले. दिल्लीची सुद्धा आधी एका खासगी कंपनीच्या हातात होती, २०१२ च्या जुलैमध्ये पुलाच्या बेअरिंगमध्ये दोष सापडले म्हणून बंद झाली, २०१३ च्या जानेवारीत परत सुरू झाली, त्याच वर्षी १ जुलैला दिल्ली मेट्रोने चालवायला घेतली, नंतर भाडं कमी केलं आणि प्रवासी वाढले. नुसत्या विमानवाल्या लोकांवर अख्खी लाइन चालवणं किती कठीण ते यावरून कळतं.

आणि विमानतळाला रोज जाणारा माणूस खरं कोण असतो याचा पण विचार करा. आपण वर्षातनं दोनदा जातो, फार तर चारदा. पण टर्मिनलवर सफाई करणारे, सिक्युरिटीवाले, काउंटरवर बसणारी पोरं, सामान चढवणारे, चहाच्या स्टॉलवाले, हे दिवसातनं दोन वेळा, महिन्यातले पंचवीस दिवस जातात. त्यांना महागडं तिकीट परवडणार नाही आणि त्यांची घरं एक्सप्रेसच्या दोन टोकांना नसतात, ती मधल्या मोहल्ल्यांत असतात, जिथे एक्सप्रेस थांबतच नाही. साधी लाइन यांना घेऊन जाते, आणि त्याच गाडीत सुपर कॉरिडॉरला टीसीएस इन्फोसिसला जाणारी पोरं पण बसतात, म्हणून ती सकाळ संध्याकाळ भरलेली राहील आणि भरलेली राहिली तर दर पाच सहा मिनिटांनी सोडता येईल. माझ्या मते आपल्या इंदूरला हीच पाहिजे, यात मला शंका नाही.

मात्र साधी लाइन म्हणजे कशीही केली तरी चालेल असं नाही. बॅगवाल्या माणसाला दोन गोष्टी लागतात, रुंद गेट आणि चालू असलेली लिफ्ट, आणि त्या फक्त विमानतळाच्या स्टेशनवर असून उपयोग नाही, राजवाड्याला आणि रेल्वे स्टेशनला पण पाहिजेत, कारण बॅग दोन्ही टोकांना असते. स्टेशनचा दरवाजा टर्मिनलला लागून उघडला पाहिजे, पार्किंगच्या पलीकडे नाही, जून जुलैच्या पावसात ते अडीचशे पावलं अंतर पण सहन होत नाही. पहिली गाडी किती वाजता हे तर सगळ्यात आधी ठरवावं, पहाटेच्या विमानाला दीड दोन तास आधी पोचायचं असतं, आणि मेट्रो सहाला सुरू झाली तर ज्याला तिची जास्त गरज तोच रिक्षा शोधत फिरणार.

राहिला राजवाडा. रिंगचा हा भाग जमिनीखालून जायचा आहे, रेल्वे स्टेशन, राजवाडा, बडा गणपती असा पुढे विमानतळापर्यंत, आणि विमानतळाजवळ तर तसंही रनवेमुळे उंच बांधकामावर बंधनं असतात. आमचं माहेर राजवाड्याजवळच, सराफ्याच्या गल्लीत, तिथे जुन्या घरांच्या भिंती कशा आहेत ते मी लहानपणापासून बघितलंय, आणि राजवाड्याचे सातातले वरचे मजले लाकडी आहेत, म्हणून तिथल्या दुकानदारांना बोगद्याची काळजी वाटते ती मला अगदी पटते. ती काळजी नीट घेतली पाहिजे, भिंतींना मोजणीची यंत्रं लावून, हळू काम करून, वेळ लागला तरी चालेल. पण राजवाडा टाळून लाइन बाहेरनं वळवली तर आत्यासारख्या माणसाला ती शहराच्या मध्यात सोडणारच नाही, शांघायसारखं होईल, अर्ध्या वाटेत उतरा आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा.

काकांची एक्सप्रेस मी अगदीच मोडीत काढत नाहीये. विमानतळ ते उज्जैन हे पन्नासेक किलोमीटरचं अंतर आहे, २०२८ ला सिंहस्थ आहे, इंदूरच्या लवकुश चौराह्यावरून उज्जैनला मेट्रो न्यायचं बोलणं चालूच आहे, तिथे कमी थांब्यांची जलद गाडी शोभेल, महाकालला येणारा माणूस विमानातनं उतरून थेट जाईल. हे ऐकल्यावर काका खूष झाले, म्हणाले मग तेच तर मी म्हणत होतो, जरी ते म्हणत नव्हते.

आत्याला मी सांगितलंय की यावेळी दादाच गाडी घेऊन येईल, विमान उतरलं की फोन कर. मेट्रो बघायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे जिलबी खाऊन गांधी नगरला जाऊ, सुपर कॉरिडॉरपर्यंत जाऊन परत येऊ.