आत वळलेली चाकं आणि गिरकी घेणारं विमान

मोटारीचं अलाइनमेंट करणाऱ्याला विचारा, तो सांगेल की पुढची चाकं किंचित आत वळलेली बरी. याला टो-इन म्हणतात. मागच्या चाकांना इंजिनाचा जोर असलेल्या गाडीत रस्ता पुढची चाकं मागे ओढतो, जोडांमधली ढिलाई ताणली जाते आणि चाकं बाहेर फाकतात. हे फाकणं आधीच भरून काढायचं, एवढाच त्यामागचा हेतू. पण हाच नियम डोळे मिटून टेलव्हील विमानाला, म्हणजे पुढे दोन मुख्य चाकं आणि शेपटीखाली एक छोटं चाक असलेल्या विमानाला लावला, तर धावपट्टीवर भलताच खेळ सुरू होतो.

या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक जरा डावीकडे वळलं तरी वजन सरळच जाऊ पाहतं. टायरांवरचा आडवा जोर गुरुत्वमध्याच्या पुढे लागतो आणि नाक आणखी डावीकडे ढकलतो. रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, वेळेत दिलं नाही तर विमान गर्रकन फिरतं. हाच ग्राउंड लूप. बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पायच दुमडतो.

आता टो-इनचा हिशोब मांडू. नाक डावीकडे २ अंश वळलंय, विमान अजून सरळच चाललंय, आणि प्रत्येक चाक १ अंश आत वळलेलं आहे. म्हणजे प्रवासाच्या दिशेशी उजव्या चाकाचा कोन ३ अंश आणि डाव्याचा १ अंश. कोन लहान असताना टायरचा आडवा जोर ढोबळमानाने कोन गुणिले भार असा धरता येतो. दोन्ही चाकांवर भार सारखा असेल तर बेरीज ४. चाकं अगदी सरळ असती तरी २ अधिक २, म्हणजे ४च. पण वळताना भार बाहेरच्या, इथे उजव्या, चाकावर सरकतो. समजा वाटणी १.४ आणि ०.६ अशी झाली. मग टो-इनमध्ये ३ × १.४ अधिक १ × ०.६, म्हणजे ४.८. तीच चाकं १ अंश बाहेर वळलेली, म्हणजे टो-आउट असतील, तर १ × १.४ अधिक ३ × ०.६, म्हणजे ३.२. विमानाला फिरवणारा जोर एकीकडे २० टक्के वाढला, दुसरीकडे तेवढाच घटला.

यावर टो-इनवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं: जास्त कोनातलं उजवं चाक मागेही ओढेल, आणि नाक परत सरळ होईल. तर्क चुकीचा नाही, पण तोकडा आहे. १ अंश वळलेल्या चाकाच्या आडव्या जोराचा मागे ओढणारा भाग जेमतेम पावणेदोन टक्के भरतो. चाकांमधल्या रुंदीमुळे त्याला तरफ मोठी मिळते, तरीही सरकलेल्या भारापुढे तो फिका पडतो.

खरी गंमत कॅम्बरची, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्याची, आहे. चाकाचा वरचा भाग बाहेर कललेला असेल तर शेपूट खाली येताच त्या कलण्यातला काही भाग टो-इन होऊन बसतो. किती? कॅम्बर गुणिले शेपूट जितकी खाली आली त्या कोनाची ज्या (साइन). ६ अंश कॅम्बर आणि १२ अंश उतार असेल, तर सव्वा अंश! शेपूट उचलून चाकं शून्यावर आणली आणि समाधान मानलं, तरी तीन चाकांवर उभं केल्यावर ती आत वळलेलीच. पोलादी पट्टीचे लवचीक पाय असतील तर वजन वाढलं की ते फाकतात आणि कॅम्बर बदलतो, त्यामुळे रिकाम्या विमानावरचं मापही फसवं.

म्हणून माप घ्यायचं ते नेहमीच्या वजनाला आणि शेपटीच्या ठरलेल्या स्थितीत. आधी दोन्ही टायरांतली हवा सारखी करा, ब्रेक घासत नाही ना पाहा. प्रत्येक चाकाखाली मधे ग्रीस लावलेले अॅल्युमिनियमचे दोन पत्रे ठेवा आणि पंख हलवा, म्हणजे अडकलेले पाय मोकळे होऊन आपल्या जागी बसतात. मग एक सरळ पट्टी एक्सलच्या उंचीवर दोन्ही टायरांना पुढून टेकवा. पट्टीला गुण्या लावून त्याच्या दुसऱ्या भुजेपासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजा. १५० मिमीच्या रिमवर १.५ मिमी फरक म्हणजे ०.५७ अंश. ही पट्टी विमानाच्या मध्यरेषेला काटकोनात हवी; ती रेषा नाकाखाली आणि शेपटीखाली ओळंबे सोडून जमिनीवर आखतात. नाहीतर दोन चाकांची बेरीज बरोबर येते, पण कुठलं चाक किती वाकडं ते कळत नाही.

लक्ष्य शून्य ते किंचित टो-आउट. निर्मात्याच्या मॅन्युअलमध्ये वेगळं माप दिलं असेल तर तेच पाळायचं. एखादं विमान ‘मुळातच आडमुठं’ म्हणून बदनाम होतं, प्रत्येक वैमानिक त्याच्या स्वभावाच्या कथा सांगतो, पण मोजायला गुण्या कोणी काढत नाही.

टेलव्हीलकडेही एक नजर टाका. त्याला धरणारे स्प्रिंगचे पाटे दबून बसले की ते ज्यावर वळतं त्या उभ्या खिळीचा माथा पुढे झुकतो आणि चाक थडथडू लागतं. याला शिमी म्हणतात. अशा वेळी अलाइनमेंटला दोष देऊन उपयोग नाही, पाटे बदलावे लागतात.

मुख्य चाकांची दुरुस्ती एक्सल आणि पाय यांच्यामधल्या पाचरीसारख्या शिमने होते. एक्सल पायाच्या बाहेरच्या अंगाला बसत असेल, तर जाड बाजू पुढे ठेवल्यावर चाक बाहेर वळतं, मागे ठेवल्यावर आत. शिम घातल्यावर बोल्टची लांबी पुरते का आणि ब्रेकची डिस्क कुठे टेकत तर नाही ना, हे पाहून विमान पुढेमागे ढकला आणि माप पुन्हा घ्या. घट्ट आवळल्यावर ते थोडं बदललेलं असतं.