रन-अप नीट झाला म्हणजे व्हेंट मोकळा?

घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: उड्डाणाआधीच्या चाचणीत (रन-अप) जमिनीवर इंजिन फुल थ्रॉटलला नीट चाललं, की टाकीचा व्हेंट, म्हणजे टाकीत हवा आत येण्याची नळी, मोकळाच. हे चूक आहे, आणि जिवावर बेतणारं आहे.

टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही की आतला दाब हळूहळू उतरतो. पंखातली टाकी कार्ब्युरेटरच्या एक मीटर वर असेल, तर पेट्रोल ढकलणारा दाब जेमतेम 7 किलोपास्कल. टाकीत तेवढी ओढ तयार झाली की पुरवठा थांबला. पण त्याला काही मिनिटं लागतात. रन-अप तोवर संपलेला असतो आणि तुम्ही हवेत असता. पंप असला तर टाकीच आत चेपू शकते.

व्हेंट बुजवणारी बहुधा कुंभारीण माशी. चिखलाचं घर बांधायला तिला अशी नळी फार आवडते. तोंडाशी बारीक जाळी लावा; पण जाळीवर बर्फ धरतो, म्हणून नळीच्या मागच्या, वारा न लागणाऱ्या बाजूला एक छोटं छिद्र हवंच. विमान उभं असताना व्हेंटवर लाल फीत बांधलेलं झाकण घाला आणि उड्डाणाआधी आठवणीने काढा.

तपासायला व्हेंटवर स्वच्छ रबरी नळी धरून हलकेच फुंका, टाकीचं झाकण उघडं ठेवून. कॉम्प्रेसर कधीही लावू नका, टाकी फाटेल. उड्डाणानंतर टाकीचं झाकण उघडताना हवा ‘सूंऽऽ’ करत आत गेली, तर आधी व्हेंट बघा.