चेनजियागौची ‘जुनी चौकट’ जुनी कशी झाली?

चीनमधल्या चेन घराण्याच्या ताई-ची या युद्धकलेची चर्चा निघाली की ‘लाओजिया’ आणि ‘शिनजिया’ हे दोन शब्द येतातच. लाओ म्हणजे जुनं, शिन म्हणजे नवं आणि जिया म्हणजे चौकट, डावांची ठरलेली बांधणी. ऐकायला सोपं, पण या कलेत एवढा घोळ दुसऱ्या कुठल्याच शब्दांनी घातलेला नाही. तो सोडवायचा तर १९५८ साली गावी परतलेल्या पासष्टीच्या एका वस्तादापासून सुरुवात करावी लागते.

गाव चेनजियागौ, हनान प्रांतात, पीत नदीच्या उत्तरेला. या घराण्यात माणूस पिढीच्या आकड्याने ओळखला जातो, म्हणून इथेही तोच हिशेब ठेवला आहे. नवव्या पिढीतल्या, मिंग राजवटीच्या अखेरच्या एका लढवय्याने कलेचा पाया घातला असं गाव मानतं. चौदाव्या पिढीत तिला आजची दोन संचांची, म्हणजे डावांच्या दोन ठरलेल्या मालिकांची, बांधणी आली आणि त्याच पिढीच्या हाताखाली बाहेरून आलेल्या एका शिष्याने पुढे यांग शैली जन्माला घातली. उगम डोंगरातल्या ताओपंथी साधूकडून झाला की याच गावात, हा वाद १९३० च्या दशकापासून चालू आहे. इथे तो बाजूला ठेवू.

हे वस्ताद अठराव्या पिढीचे, जन्म १८९३. १९२८ मध्ये औषधांच्या एका जुन्या पेढीच्या मालकांनी त्यांना शिकवायला बीजिंगला बोलावलं. दोनेक वर्षांत नानजिंगचं बोलावणं आलं, तेव्हा बीजिंगची जागा रिकामी राहू नये म्हणून त्यांनी आपल्या चुलत्यांचं, म्हणजे सतराव्या पिढीचं, नाव पुढे केलं. चुलते बीजिंगला गेले आणि १९५७ साली मृत्यू होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. पुढचा सगळा घोळ या एका बदलीतून सुरू होतो, हे सहसा कुणी सांगत नाही.

नानजिंगला १९३५ मध्ये वस्तादांचं पुस्तक निघालं. नंतर युद्ध पेटलं. पीत नदीच्या नियमनाच्या सरकारी खात्यात त्यांनी नोकरी धरली आणि निवृत्त होऊन गाव गाठलं. मधल्या काळात हनानने युद्ध आणि १९४२-४३ चा दुष्काळ पाहिला होता. जाणती माणसं वारली होती किंवा पोटासाठी बाहेर पडली होती. वयस्कर मंडळी तेवढी कला करत होती आणि त्यांच्यानंतरची फळी जवळजवळ रिकामी होती. ज्या चौघांना आज जग या गावाचे प्रतिनिधी म्हणून ओळखतं, ती तेव्हा नऊ ते चौदा वर्षांची पोरं होती. त्यांतल्या दोघांचं आडनाव चेन नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

वस्तादांनी या पोरांना शिकवलं ते मुख्यतः पहिल्या संचावर भर देऊन. त्यात ७४ किंवा ७५ डाव आहेत, कोण कसे मोजतो त्यावर आकडा ठरतो. संथ गतीने एक फेरी पंधरा-वीस मिनिटांत होते. दिवसाला दहा ते वीस फेऱ्या हा गावातला जुना रिवाज, आणि तीसपर्यंत जाणारेही असत. एवढ्या फेऱ्यांमागचं कारण साधं आहे. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत माणूस खांद्याच्या आणि मांडीच्या जोरावर हालचाल रेटू शकतो. मांड्या भरून आल्या की तो जोर संपतो आणि शरीराला सैल होण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शिकणं तिथून पुढे.

बिघडतं कुठे, तेही ठरलेलं आहे. वळताना कंबर आणि जांघेची घडी वळली नाही तर वळण गुडघ्यावर येतं, गुडघा आत पडतो आणि काही महिन्यांत दुखू लागतो. नियम असा की गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेनेच राहिला पाहिजे आणि बोटांच्या पुढे जाता कामा नये. तसं होत नसेल तर बैठक उंच करावी. खोल बसण्याची हौस गुडघ्याला महागात पडते. दुसरी चूक ‘वज्ररक्षकाने उखळात मुसळ घातलं’ या डावातली. तिथे पाय आपटायचा असतो. शरीर खाली सोडून, सगळं पाऊल सपाट टेकत आपटलं तर धक्का जमिनीत जिरतो. ताठ पायाने, टाच आधी टेकवून आपटलं की तोच धक्का गुडघ्यात आणि मणक्यात परत येतो. तिसरी चूक, हात वर जाताना खांदाही वर जाणं. खांदा चढला की कोपर उघडं पडतं आणि जोडीच्या सरावात समोरच्याला धरायला आयती मूठ मिळते.

या कलेचं मर्म ज्याला म्हणतात ते ‘छानस्सजिन’ म्हणजे कोशातून रेशीम उलगडण्याची ताकद. धागा एका वेगाने ओढला तर निघतो, हिसका दिला तर तुटतो, ढिला पडला तर गुंततो. पायातून निघालेली पिळाची हालचाल कंबरेतून हाताच्या बोटांपर्यंत अशीच अखंड जायला हवी. हे शब्दांत सांगून येत नाही. वस्ताद शिष्याच्या कंबरेला, कोपराला हात लावून बसवतो आणि पिळाचा धागा कुठे तुटतो ते दाखवतो. म्हणूनच या कलेत पुस्तक असून भागत नाही, पिढीत खंड पडला की नुकसान कायमचं होतं.

१९६६ नंतर, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, हे सगळं ‘जुनाट चालीरीती’त जमा झालं. जाहीर सभांत वस्तादांची मानहानी झाली. त्रासाला कंटाळून त्यांनी विहिरीत उडी घेतली आणि त्यातून पाय जायबंदी होऊन वाचले, असं गावात सांगतात. शिकवणं थांबलं नाही, रात्री दार लावून चालू राहिलं. वारं थोडं निवळल्यावर पुन्हा उघडपणे सुरू झालं, पण हाती वेळ फारसा नव्हता. १९७२ च्या डिसेंबरात ते गेले. गावी परतल्यापासून हिशेब चौदा वर्षांचा, त्यातही बरीच वर्षं लपूनछपून. चौघे शिष्य तेव्हा पंचविशीच्या आगेमागे होते. पक्के झालेले, पण पुरे झालेले नव्हते.

आता शब्दांचा घोळ. १९७३ मध्ये शिष्यांच्या पुढच्या शिक्षणासाठी बीजिंगच्या त्या चुलत्यांचे चिरंजीव गावी आले. म्हणजे वस्तादांचे चुलतभाऊ, पिढी तीच अठरावी, वयाने पस्तीस वर्षांनी लहान. पुढे १९८१ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते अधूनमधून येऊन शिकवत राहिले. त्यांनी जो संच दाखवला तो गावकऱ्यांना ओळखीचाही वाटला आणि अनोळखीही. डावांचा क्रम मोठ्या प्रमाणात तोच, पण मोजणी ८३. मनगटाचे पीळ उघड दिसणारे, छाती-कंबरेच्या घड्या जास्त, वर्तुळं लहान, मध्येच सोडलेले झटके कितीतरी अधिक. दुसरा संच, ‘पाओछुइ’ म्हणजे तोफेचे ठोसे, वस्तादांकडे चाळिसेक डावांचा होता, इथे ७१ चा. गावाने या प्रकाराला ‘शिनजिया’ म्हटलं, आणि त्याच क्षणी वस्तादांनी आयुष्यभर शिकवलेला संच ‘लाओजिया’ झाला. तोवर गावात रोज घोटल्या जाणाऱ्या या संचाला वेगळ्या नावाची गरजच नव्हती. नवं आलं म्हणून जुनं जुनं झालं.

बीजिंगच्या शिष्यपरंपरेला हे नाव मान्य नाही. त्यांचं म्हणणं, सतराव्या पिढीने नवं काही रचलंच नाही, घरात शिकलं तेच शिकवलं, मग ते नवं कसं? गावातल्या काहींचं म्हणणं, बीजिंगच्या तीस वर्षांत अनुभवाने फरक पडत गेला. कागदोपत्री पुरावा दोन्ही बाजूंकडे तोकडा आहे. फरक मात्र डोळ्यांना दिसतो. संगीतात एकाच घराण्याच्या दोन गायकांकडून एकच बंदिश ऐकावी तसा तो आहे, आणि त्याचं खापर गावाने ठेवलेल्या नावावर फोडण्यात फारसा अर्थ नाही.

याहून मोठी अडचण अशी की ‘शिनजिया’ हा शब्द आधीच वापरून झालेला होता. १९३२ च्या सुमाराच्या छापील लेखनात शिनजिया म्हणजे चौदाव्या पिढीतल्याच दुसऱ्या एका शाखेने बसवलेली बांधणी, जिला आज ‘श्याओजिया’ म्हणजे लहान चौकट म्हणतात. १९३३ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, निघालेला घराण्याचा सचित्र ग्रंथही लहान चौकटीचाच. आजचे वाचक त्यातली चित्रं आजच्या लाओजियाशी ताडून पाहतात आणि ‘गावाने कला बदलली’ असा निष्कर्ष काढतात. तुलना मुळातच दोन वेगळ्या शाखांची असते. म्हणून जुना मजकूर वाचताना आधी साल पाहावं: १९७० च्या आधीचा असेल तर शिनजिया म्हणजे लहान चौकट, नंतरचा असेल तर बीजिंगहून आलेली मोठी चौकट. लाओजिया आणि आजची शिनजिया या दोन्ही ‘दाजिया’, म्हणजे मोठ्या चौकटीतच मोडतात.

१९८० नंतर दारं उघडली. जपानी मंडळी आली, मग युरोप-अमेरिकेची. चौघे शिष्य परदेशी शिकवू लागले. परदेशी शिष्यांना ७५ डाव पाठ करायला सवड नसते, म्हणून ३८, १८ डावांचे छोटे संच निघाले. स्पर्धांसाठी ५६ डावांचा संच सरकारी पातळीवर बसवला गेला. त्याआधी १९५६ मध्ये बसवलेला २४ डावांचा प्रसिद्ध संच यांग शैलीचा, त्याचा या गावाशी थेट संबंध नाही. छोट्या संचांनी प्रसार झाला, पण फेऱ्यांचा हिशेब मोडला. १८ डाव चार-पाच मिनिटांत संपतात, मांड्या भरून येण्याआधीच.

२००६ मध्ये चेन शैली देशाच्या अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत आली. २००७ मध्ये वनशियानला, म्हणजे हे गाव ज्या परगण्यात येतं त्याला, ‘ताई-चीची जन्मभूमी’ हा किताब मिळाला, त्यावर इतर दावेदार नाराज झाले. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत ताई-ची समाविष्ट झाली ती एका घराण्याच्या नावाने नाही, अनेक शैलींना मिळून. गावातल्या शाळांत शिक्षण आजही साधारण लाओजियाच्या पहिल्या संचापासून सुरू होतं. शिनजिया त्यानंतर. डाव ७४ की ७५, हे वर्गागणिक बदलतं. दोन हालचालींना मिळून एक नाव द्यायचं की दोन, एवढाच तो फरक आहे.